मुडदूस, सूर्यप्रकाश आणि स्वमग्न मूल

पहिलें महायुद्ध संपलें तेव्हां व्हिएन्ना शहराची दशा फार करुण होती. साम्राज्य मोडलें होतें, धान्य येईनासें झालें होतें, दूध तर औषधालाहि मिळत नव्हतें. लहान मुलांच्या इस्पितळांतून वांकड्या पायांचीं आणि फुगीर मनगटांचीं मुलें खाटांवर पडून असत. १९१९ सालीं हॅरिएट चिक नांवाच्या इंग्रज विदुषी आपल्या कांहीं सहकाऱ्यांसह तेथील विद्यापीठाच्या बालरुग्णालयांत येऊन दाखल झाल्या. मुडदूस या रोगाचें मूळ आहारांत आहे कीं आणखी कोठें आहे, याचा छडा त्यांना लावावयाचा होता. रुग्णालयाचे प्रमुख क्लेमेन्स फोन पिर्के यांचा समज असा कीं, हा रोग संसर्गानें होत असावा. तरीहि त्यांनीं आपलीं दालनें या पाहुण्यांना मोकळीं करून दिलीं. शास्त्रज्ञाच्या अंगीं असावी ती ही उदारता होय.

याच रुग्णालयाच्या एका विभागांत पुढें हान्स आस्पर्गर नांवाचे एक डॉक्टर काम करूं लागले. इतरांत न मिसळणारीं, आपल्याच विषयांत गढून जाणारीं कांहीं मुलें त्यांच्या पाहण्यांत आलीं व १९४४ सालीं त्यांपैकीं चार मुलग्यांचें वर्णन त्यांनीं छापून प्रसिद्ध केलें. आतां अटलांटिकच्या पलीकडे पाहूं. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत, १९२२ सालीं मॅक्कॉलम यांनीं मुडदूस बरा करणारें द्रव्य कॉडलिव्हर तेलांत असल्याचें व तें 'अ' जीवनसत्त्वाहून निराळें असल्याचें सिद्ध केलें. आणि त्याच विद्यापीठांत १९४३ सालीं लिओ कॅनर यांनीं अकरा मुलांची हकीकत लिहून ज्या अवस्थेचें वर्णन केलें, तिला आपण आज मराठींत स्वमग्नता म्हणतों.

दोन शहरें, दोन संस्था, आणि दोन्हीकडे हे दोन विषय एका पिढीच्या अंतरानें यावेत, हा योगायोग मोठा मजेदार आहे. परंतु श्रोतेहो, तो योगायोगच आहे. त्यांतून कांहीं सिद्ध होत नाहीं. हें आरंभींच सांगण्याचें कारण, मीं आज ज्या प्रश्नाचा इतिहास सांगण्याचें योजिलें आहे, तो प्रश्न अशाच योगायोगांच्या दाट रानांत उभा आहे. ड जीवनसत्त्वाची उणीव आणि स्वमग्नता यांचा कांहीं कार्यकारणसंबंध आहे काय? मी वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करलेला आणि उभा जन्म मुलांना इतिहास शिकविण्यांत घालविलेला मनुष्य आहें. पण एखादी गोष्ट खरी कशी ठरली आणि दुसरी अद्याप कां ठरली नाहीं, हा प्रश्न जितका वैद्याचा तितकाच इतिहासाचाहि आहे.

प्रथम मुडदूस घेऊं, कारण त्याचा निकाल लागलेला आहे. १६४५ सालीं डॅनियल व्हिस्लर या इंग्रज विद्यार्थ्यानें हॉलंडांत लायडन येथें या रोगावर प्रबंध लिहिला व १६५० सालीं फ्रान्सिस ग्लिसन यांचा मोठा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. युरोपांत या रोगाला 'इंग्रजी रोग' असेंच नांव पडलें. पुढें कारखाने आले, दगडी कोळशाचा धूर गांवांवर छत धरूं लागला, आणि लंडन, मँचेस्टर, ग्लासगो येथील गल्ल्यांतून हा रोग घरोघर झाला. कारणें मात्र ज्यानें त्यानें आपापल्या मगदुराप्रमाणें सांगितलीं. कोणी आनुवंशिकता म्हणे, कोणी दमट घर म्हणे. आईबापांच्या उपदंशावर खापर फोडणारेहि निघाले. ग्लासगो येथील एका संप्रदायाचें म्हणणें असें कीं, कोंडलेली हवा आणि व्यायामाचा अभाव हेंच कारण. यांतल्या प्रत्येकाजवळ पुरावा होता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. गरिबांच्या वस्तींत दमट घरेंहि होतीं, कोंडलेली हवाहि होती आणि उपदंशहि होता.

सूर्याकडे बोट दाखविणारेहि होऊन गेले. पोलंडचे वैद्य श्नियादेत्स्की यांनीं १८२२ सालींच मुलांना उघड्या हवेंत, उन्हांत नेण्याचा उपदेश केला होता. त्यांच्याहून अधिक पद्धतशीर काम थिओबाल्ड पाम यांचें. हे मिशनरी डॉक्टर जपानांत नीगाता येथें अनेक वर्षें राहिले. तेथें त्यांना मुडदूस दिसला नाहीं; स्वदेशीं परत आले तों वांकड्या पायांचीं मुलें रस्तोरस्तीं दिसूं लागलीं. ब्रिटिश वैद्यक संघानें १८८९ सालीं या रोगाचा नकाशा प्रसिद्ध केला होता. त्यांत औद्योगिक शहरें काळवंडलेलीं दिसत होतीं. पाम यांनीं चीन, हिंदुस्थान वगैरे देशांतील आपल्या ओळखीच्या मिशनरी डॉक्टरांना पत्रें घातलीं, उत्तरें जुळविलीं, आणि १८९० सालीं असा निष्कर्ष मांडला कीं, जेथें ऊन मुबलक तेथें हा रोग नाहीं, मग लोक कितीहि दरिद्री असोत. मुलांना सूर्यस्नान घालावें असें त्यांनीं स्पष्ट लिहिलें. सुमारें तीस वर्षें कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. पत्रें लिहून रोगाचें कारण सांपडतें काय, असें तज्ज्ञांना वाटलें असल्यास नवल नाहीं.

या इतिहासांत आपल्या नाशिकाचेंहि नांव आहे, व तें आपल्या लोकांस फारसें ठाऊक नाहीं. १९२१ व १९२२ सालीं हचिसन नांवाच्या डॉक्टरांनीं, एकदां पटेल यांच्यासह व एकदां शहा यांच्यासह, नाशिक भागांतील मुडदुसाविषयीं दोन निबंध प्रसिद्ध केले. नाशकास ऊन कमी नाहीं, हें तेथें एक उन्हाळा काढलेल्या कोणासहि सांगावयास नको. तरीहि तेथें मुडदूस होता. आणि तो होता कोठें? ज्या मोलकरणी व शेतमजुरिणी आपलीं मुलें पाठीशीं बांधून कामावर जात, ज्यांना धड भाकरी मिळण्याचीहि पंचाईत, त्यांच्या मुलांत तो नव्हता. तो होता खाऊनपिऊन सुखी अशा मुसलमान व वरच्या वर्गाच्या हिंदु कुटुंबांत, जेथें बायका गोषांत राहत. अल्पवयांत लग्न होऊन मुलगी वाड्याच्या आंतल्या काळोख्या खोल्यांत जाई, तेथेंच गरोदर होई, तेथेंच बाळंत होई, आणि तिचें मूलहि पहिले कांहीं महिने त्याच काळोखांत वाढे. आईचीं हाडें मऊ, मुलाचीं हाडें मऊ. विलायतेंत गरिबीचा समजला जाणारा रोग येथें श्रीमंतीचा झाला होता. आहार चांगला असूनहि रोग, आहार निकृष्ट असूनहि आरोग्य! एकाच गांवांत, एकाच आकाशाखालीं, केवळ भिंतींच्या आंतबाहेर राहण्यानें पडलेला हा फरक होता. पाम यांनीं जगभर पत्रें घालून जें जमविलें, तें नाशिकच्या गल्ल्यांत चालत जाऊन दिसण्यासारखें होतें.

परंतु एवढ्यानें निकाल लागला असें समजूं नये. गोषांतील स्त्रीला ऊन मिळत नाहीं तशी मोकळी हवाहि मिळत नाहीं, व्यायामहि घडत नाहीं. म्हणजे ग्लासगोच्या मंडळींनाहि तोच पुरावा आपल्या बाजूचा म्हणतां येई. निकाल लागला तो प्रयोगानें. लंडनमध्यें एडवर्ड मेलनबी यांनीं कुत्र्याचीं पिल्लें घरांत कोंडून ओटच्या लापशीसारख्या अन्नावर वाढविलीं, तेव्हां त्यांना मुडदूस झाला आणि तो कॉडलिव्हर तेलानें हटला. १९१९ चा हा शोध. त्याच सुमारास बर्लिनमध्यें कर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनीं चार मुडदुशी मुलांवर पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचा, म्हणजे अतिनील किरणांचा, झोत सोडला. क्ष-किरणांच्या चित्रांत हाडें भरून येतांना दिसलीं. पण त्यांच्या कामांतील खरी मौज पुढेंच आहे. त्यांनीं मुलाच्या एकाच हातावर प्रकाश पाडला, आणि दुसऱ्या हाताचीं हाडेंहि तितकींच सुधारलीं. म्हणजे प्रकाश हाडांवर थेट काम करीत नाहीं. तो त्वचेंत कांहीं तरी निर्माण करतो आणि तें रक्तावाटे सर्व अंगभर पोंचतें. दिव्याखालीं निजलेल्या मुलानें व्यायाम केला नव्हता कीं त्याची हवा बदलली नव्हती.

चिक आणि त्यांच्या सहकारिणींनीं व्हिएन्नांत यावर कळस चढविला. तान्ह्या मुलांचे दोन गट केले. एकास इस्पितळाचा नेहमींचा आहार, दुसऱ्यास दूध व त्यासोबत कॉडलिव्हर तेल. हिवाळ्यांत पहिल्या गटांतील कित्येक मुलांना मुडदूस झाला, दुसऱ्यांत झाला नाहीं. उन्हाळ्यांत मात्र दोन्ही गट सुखरूप राहिले. आणि ज्यांना रोग जडला होता, तीं मुलें तेलानेंहि बरीं झालीं, उन्हानेंहि बरीं झालीं, दिव्यानेंहि बरीं झालीं. आहारवाले आणि प्रकाशवाले दोघेहि खरे ठरले, भांडण मिटलें. पुढें मॅक्कॉलम यांनीं त्या द्रव्याची निराळी ओळख पटविली; अ, ब, क हीं अक्षरें अगोदरच वाटलीं गेलीं असल्यामुळें त्याच्या वांट्यास 'ड' आलें. १९२४ सालीं स्टीनबॉक यांनीं अन्नावर किरण सोडून त्यांत हा गुण आणण्याची युक्ति काढली, आणि १९२८ सालीं विंडाउस यांना रसायनाचें नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांत या द्रव्याच्या घडणीवरील कामाचा मोठा वांटा होता.

एक उपकथा येथेंच सांगून टाकतों. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत मुलांच्या दुधाच्या भुकटींत, धान्याच्या पदार्थांत व शिवाय वाटपाच्या कॉडलिव्हर तेलांत मिळून ड जीवनसत्त्व इतकें झालें कीं, १९५० नंतर कांहीं तान्ह्या मुलांच्या रक्तांत चुना बेसुमार वाढून तीं आजारी पडूं लागलीं. १९५७ सालीं सरकारनें प्रमाण कमी केलें. अमृताचेंहि माप असतें.

आतां दुसरीकडे वळूं. कॅनर यांच्या अकरा मुलांत आठ मुलगे व तीन मुली होत्या. आईबापांच्या कडेवर घेतलें तरी बिलगत नसत, वस्तूंत रमत व माणसांकडे पाहत नसत, रोजचा क्रम तसूभर बदलला तरी कासावीस होत. त्यांच्यापैकीं कित्येकांना तान्हेपणीं जेवणाखाण्याच्या मोठ्या अडचणी होत्या, हेंहि कॅनर यांनीं नोंदविलें आहे. ही नोंद आपल्याला पुढें उपयोगी पडणार आहे. आस्पर्गर यांच्याविषयीं मात्र एक कटु गोष्ट लपवितां येत नाहीं. व्हिएन्नांत त्या काळीं नाझींचें राज्य होतें, आणि अपंग मुलांना जेथें मारून टाकीत अशा श्पीगेलग्रुंड नांवाच्या संस्थेंत मुलें पाठविण्यांत त्यांचाहि हात होता, असें २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या दफ्तरांवरील संशोधनानें दाखविलें. त्या संस्थेंत सातशेंहून अधिक मुलें मेलीं. ज्या इमारतींत एकेकाळीं परदेशी स्त्रियांनीं शत्रुराष्ट्राचीं मुलें वांचविलीं, तेथूनच पुढें मुलें मरणाकडे रवाना व्हावीं, हें वाचून मन विषण्ण होतें.

कॅनर यांनीं प्रथम ही अवस्था जन्मजात असावी असें म्हटलें. पण १९४९ च्या लेखांत आईबापांच्या थंड, कोरड्या वागणुकीवर भर दिला. तो धागा इतरांनीं उचलला. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकानें तर आईला माया नाहीं म्हणून मूल असें झालें, ही समजूत घरोघर नेली. याला पुरावा काय? आया खचलेल्या, गप्प, दमलेल्या दिसत, हा पुरावा. ज्या बाईचें मूल तिच्याकडे पाहत नाहीं ती दमलेली दिसणार नाहीं तर काय? फळाला बीज समजण्याची ही चूक होती आणि तिची किंमत हजारों आयांनीं मोजली. बर्नार्ड रिमलंड यांनीं, जे स्वतः एका स्वमग्न मुलाचे पिते होते, १९६४ सालीं या मताचें सविस्तर खंडन केलें. १९७७ सालीं फोलस्टाइन व रटर या दोघांनीं एकवीस जुळ्यांच्या जोड्या तपासल्या. एकबीज अशा अकरा जोड्यांपैकीं चारांत दोन्ही मुलें स्वमग्न होतीं. द्विबीज अशा दहांपैकीं एकाहि जोडींत तसें नव्हतें. आनुवंशिकतेचा वांटा मोठा आहे हें त्यानंतर नाकारण्याची सोय उरली नाहीं.

माझ्या वर्गांत असाच एक मुलगा होता. पेशव्यांच्या कारकिर्दींचे सन तो उलटसुलट कोठूनहि सांगे. पण हजेरीला नांव पुकारलें कीं ओ देत नसे. त्याची आई नोकरी करी. नात्यागोत्यांतल्या लोकांनीं तिला सरळ सांगितलें होतें कीं, तूं घरीं बसली असतीस तर पोर बोलतें झालें असतें. व्हिएन्ना व शिकागो येथील पुस्तकें त्यांपैकीं कोणीं वाचलीं नव्हतीं. अशा समजुतींना पुस्तकांची गरज लागत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. २००८ सालीं जॉन कॅनेल या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनीं एका मासिकांत असा तर्क मांडला कीं, गर्भावस्थेंत व बालपणीं ड जीवनसत्त्वाची उणीव हें स्वमग्नतेचें एक कारण असावें. हें मासिक नवनवीं गृहीतकें छापण्यासाठींच काढलेलें होतें व त्या काळीं त्यांतील लेख तज्ज्ञांच्या परीक्षणावांचून निघत. कॅनेल यांची मांडणी पाम यांची आठवण करून देणारी आहे. त्वचेच्या कर्करोगाच्या भयानें १९८० नंतर अमेरिकेंत ऊन टाळण्याचा उपदेश सुरू झाला आणि त्याच काळांत स्वमग्न मुलांची संख्या वाढत गेली. काळ्या वर्णाच्या त्वचेला हें द्रव्य तयार करण्यास ऊन अधिक लागतें; आणि थंड मुलुखांत स्थायिक झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांतून स्वमग्न मुलें अधिक आढळतात असें कानीं येत होतें. मेंदूंतहि या द्रव्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी आहेत. तर्क म्हणून हें सर्व ऐकण्यासारखें होतें, यांत शंका नाहीं.

पण एकेक कडी तपासूं लागलें कीं काय होतें पाहा. संख्या वाढली खरी. परंतु त्याच काळांत स्वमग्नतेची व्याख्या विस्तारली, डॉक्टर व शिक्षक तिला ओळखूं लागले, आणि पूर्वीं ज्यांच्यावर 'मंदबुद्धि' असा शिक्का बसे त्यांतील अनेक मुलें या नांवाखालीं आलीं. ऊन टाळण्याच्या उपदेशाबरोबर आणखी शंभर गोष्टी वाढल्या. दूरचित्रवाणीचे संचहि वाढले. दोन रेघा कागदावर बरोबरीनें वर चढल्या म्हणजे त्या एकमेकींना ओढीत आहेत असें ठरत नाहीं.

सोमाली लोकांची हकीकत याहून अधिक विचार करावयास लावणारी आहे. यादवीमुळें देशोधडीला लागलेलीं हीं कुटुंबें स्वीडन व अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यांत येऊन राहिलीं. विषुववृत्तावरून उठून एकदम लांब, अंधाऱ्या हिवाळ्यांत! स्टॉकहोम येथें २००८ सालच्या पाहणींत सोमाली आईबापांच्या मुलांत स्वमग्नतेचें प्रमाण इतरांच्या तिप्पट-चौपट भरलें. सोमाली आयांना ही स्थिति आपल्या देशांत ठाऊकच नव्हती. त्या तिला 'स्वीडिश रोग' म्हणत. इंग्रजी रोगाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. पुढें स्वीडनमध्येंच आयांचें रक्त तपासलें. सोमाली आयांच्या रक्तांत ड जीवनसत्त्व स्वीडिश आयांहून खरोखरच फार कमी होतें. पण ज्यांचीं मुलें स्वमग्न होतीं त्या सोमाली आया आणि ज्यांचीं नव्हतीं त्या सोमाली आया, यांच्यांत निर्णायक म्हणावा असा फरक निघाला नाहीं. दोन्हीकडे तें कमीच होतें. आणि मिनिआपोलिस शहरीं, जेथें हिवाळा स्टॉकहोमइतकाच खडतर, तेथें २०१३ सालीं विद्यापीठानें मोजदाद केली तेव्हां सोमाली मुलांत दर ३२ मागें एक व गौरवर्णीय मुलांत दर ३६ मागें एक असें प्रमाण भरलें. म्हणजे जवळजवळ सारखें. सोमाली स्वमग्न मुलांत बुद्धिमांद्य मात्र अधिक आढळलें.

याच मिनिआपोलिसमध्यें आणखी एक गोष्ट घडली. या कुटुंबांना भय वाटत होतें आणि उत्तर कोणीं देत नव्हतें. त्या पोकळींत लसीला दोष देणारे येऊन पोंचले. गोवराच्या लसीनें स्वमग्नता येते असें सुचविणारा १९९८ चा एक निबंध २०१० सालीं त्या वैद्यकीय मासिकानें मागें घेतला होता. तरीहि ती अफवा तेथें रुजली, सोमाली मुलांचें लस घेण्याचें प्रमाण घसरलें, आणि २०१७ सालीं गोवराची सांथ येऊन ७५ जण आजारी पडले, त्यांत बहुतेक सोमाली मुलें. 'कांहीं तरी कारण असेल' या वाक्याला आपण निरुपद्रवी समजतों.

शास्त्रज्ञ तेवढ्यावर थांबले नाहींत, हें सांगितलेंच पाहिजे. ऑस्ट्रेलियांत ब्रिस्बेन येथील संशोधकांनीं २००३ सालीं दाखविलें कीं, ड जीवनसत्त्वाच्या उणिवेंत ठेवलेल्या उंदरिणींच्या पिल्लांचे मेंदू घडणींत निराळे निघतात. म्हणजे हें द्रव्य नुसतें हाडांचेंच नव्हे. हॉलंडांत रॉटरडॅम येथें हजारों गरोदर स्त्रियांचें रक्त जपून ठेवून त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षें मागोवा घेतला गेला. २०१६ व २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें, गरोदरपणाच्या मध्यावर ज्यांच्या रक्तांत ड जीवनसत्त्वाची तीव्र उणीव होती, त्यांच्या मुलांत स्वमग्नतेचें निदान दुपटीहून थोडें अधिक आढळलें. येथें रक्त आधीं घेतलें आणि मूल मागाहून पाहिलें, म्हणून हा पुरावा नुसत्या नकाशापेक्षां भारी. परंतु निदान झालेलीं मुलें शंभराहि नव्हतीं. आणि ज्या स्त्रीच्या रक्तांत हें द्रव्य कमी असतें तिचें वजन, आहार, गरिबी, प्रकृति, परदेशांतून येऊन राहिल्याचे हाल, यांतील कांहीं ना कांहीं तिच्याबरोबर असतेंच. हिशेबानें हीं कारणें वजा करतां येतात. पण जें कारण मोजलेंच नाहीं तें वजा कसें करणार? ग्लासगोची कोंडलेली हवा येथें पुन्हा आड येते.

स्वमग्न मुलांचें स्वतःचें रक्त तपासून काढलेल्या निष्कर्षांची किंमत तर याहून बरीच कमी. अशा मुलांत हें जीवनसत्त्व सरासरीनें कमी आढळतें, असें अनेकांनीं लिहिलें आहे. पण जें मूल दोन-तीन ठराविक पदार्थांपलीकडे कांहीं तोंडांत घालीत नाहीं, गर्दीच्या व आवाजाच्या भयानें घराबाहेर पडत नाहीं, त्याच्या रक्तांत तें कमी असणारच. कॅनर यांची जेवणाविषयींची नोंद येथें आठवावी. अशा अति निवडक आहारामुळें स्वमग्न मुलांना प्रत्यक्ष मुडदूस झाल्याचींहि उदाहरणें वैद्यकीय मासिकांतून आलेलीं आहेत. तेथें उणीव ही स्वमग्नतेची जननी नसून लेक आहे. त्या मुलाला जीवनसत्त्व जरूर द्यावें, डॉक्टरांस विचारून द्यावें, त्याच्या हाडांसाठीं द्यावें.

आपल्या देशांत तर ऊन दारांत सांडलेलें असूनहि शहरी लोकांच्या रक्तांत ड जीवनसत्त्व कमी असल्याचें पाहणीमागून पाहणी सांगते. उंच इमारती, बंद गाड्या, दिवसभर दिव्याखालचें काम! गोषा गेला, पण त्याच्या जागीं दुसऱ्या भिंती आल्या. त्यामुळें एखाद्या स्वमग्न मुलाच्या आईचें रक्त तपासलें आणि त्यांत हें द्रव्य कमी निघालें, तर तिच्या शेजारणीचेंहि कमी निघण्याचा संभव मोठा आहे, हें ध्यानांत घ्यावें. पेशव्यांचे सन सांगणाऱ्या त्या मुलाची आई मला अलीकडे भेटली. आतां तिला कोणीं तरी सांगितलें होतें कीं, गरोदरपणीं तूं उन्हांत बसली नाहींस म्हणून हें झालें. पंचवीस वर्षांत आरोप बदलला होता, आरोपी तीच होती.

मग हुल्डशिन्स्कीचा दिवा या प्रश्नावर कोणीं पाडून पाहिला काय? पाडला. इजिप्तमध्यें स्वमग्न मुलांना ड जीवनसत्त्व देऊन त्यांच्यांत सुधारणा झाल्याचा एक निबंध २०१६ सालीं आला. त्यांत शंभरावर मुलें होतीं, आणि आईबापांच्या मनांत त्यानें केवढी आशा उत्पन्न केली असेल याची कल्पनाच करावी. २०१९ सालीं मासिकानें तो निबंध मागें घेतला. मागें घेतल्याची बातमी मूळ बातमीइतकी दूर जात नाहीं. गोळ्या विकणाऱ्यांच्या जाहिरातींत तर ती मुळींच जात नाहीं.

दुसरा प्रयोग डेन्मार्कमधला, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. तेथें सहाशेंहून अधिक गरोदर स्त्रियांना चोविसाव्या आठवड्यापासून दोन गटांत वांटलें. एका गटास रोज २८०० एकक ड जीवनसत्त्व, दुसऱ्यास नेहमींचें ४०० एकक. कोणास कोणती गोळी मिळते हें चिठ्ठीनें ठरलें. आईलाहि तें ठाऊक नव्हतें. मुलें दहा वर्षांचीं झालीं तेव्हां त्यांची बारकाईनें तपासणी केली व २०२४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मोठ्या मात्रेनें स्वमग्नतेच्या प्रमाणांत फरक पडला नव्हता. आणि याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. गोळ्या सुरू होण्यापूर्वीं ज्या आयांच्या रक्तांत हें द्रव्य मुळांतच अधिक होतें, त्यांच्या मुलांत स्वमग्नता कमी आढळली. म्हणजे रॉटरडॅमला दिसलेला संबंध कोपनहेगनलाहि दिसला, पण गोळीनें तो निर्माण करतां आला नाहीं. उन्हांत हिंडणारी, चांगलें खाणारी, निरोगी स्त्री ही एक सबंध वस्तु आहे. तिच्यांतलें एक द्रव्य काढून बाटलींत भरलें म्हणजे ती स्त्री बाटलींत येत नाहीं.

तर्काच्या बाजूचे लोक यावर म्हणतात कीं, चोविसावा आठवडा फार उशीरा झाला. मेंदूचा पाया त्यापूर्वींच घातला जातो. हा आक्षेप रास्त आहे. त्याचें उत्तर द्यावयाचें तर गर्भ राहण्याच्या आधींपासून औषध सुरू करावें लागेल, आणि स्वमग्नता शंभरांत एकदोघांनाच होत असल्यामुळें स्त्रिया हजारोंनीं घ्याव्या लागतील. शिवाय ज्यांच्या रक्तांत उणीव तीव्र आहे त्यांना नुसतें पाहत ठेवून औषध न देणें कोणत्याहि सज्जन डॉक्टरास करवणार नाहीं. चिक यांनीं व्हिएन्नाच्या मुलांचा निकाल तीन वर्षांत हातीं घेतला, कारण मुडदूस एका हिवाळ्यांत दिसतो आणि एका उन्हाळ्यांत बरा होतो. डेन्मार्कच्या त्या मुलांसाठीं दहा वर्षें थांबावें लागलें.